घरचा नमुना

मी बेळगाव सोडलं त्या सकाळी आप्पांनी माझ्या बॅगेची चेन सात-आठ वेळा तरी ओढून बघितली असेल. एकदा हळू, एकदा हिसडा देऊन, एकदा बॅग आडवी पाडून. शहापूर पेठेतल्या आमच्या बोळात रिक्षा उभी, रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि आमचे वडील उंबऱ्याशी उकिडवे बसून चेनीशी झटतायत. "आप्पा, नवी आहे हो," मी म्हटलं. "नवी हाय म्हणूनच," ते म्हणाले. "जुनीनं आपली लायकी दाखीवलेली असत्या. नवीचं यारिगे गोत्तु!" यारिगे गोत्तु म्हणजे कन्नडमधलं 'कुणाला ठाऊक'. आप्पा रागवायचे मराठीत, पण संशय मात्र कन्नडमधून घ्यायचे.

चेन पास झाल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या हातात कागदाची एक पुडी कोंबली. आत एक पांढरी गोळी. "तिकडं मोठी मोठी मशिनं असत्यात म्हणं. हिच्यात काय कालवलंय तेवढं बघ."

मी रिक्षात बसले तेव्हा माझी थोरली बहीण, आक्का, जवळ आली. तिचे डोळे तेव्हाही हळदीच्या पाण्यासारखे पिवळे होते, म्हणून चारचौघांत जाताना ती काळा चष्मा लावायची. तिनं चष्मा काढला, माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मला कुणी काय चारलं न्हाय गं शैले. तेवढं तरी तू मान."

मी मान डोलावली. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत मनात म्हणत होते, बिचारी! अजून नवऱ्याला पाठीशी घालतेय.

आधी काय झालं होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझा राग येईल तो नीट येईल. आक्काला निपाणीला दिली होती. दाजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, तिथं हार्डवेअरची दुकानदारी. लग्नाला दीड वर्ष झालं असेल, तिला लघवीला जळजळ सुरू झाली. दाजींनी डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, अंग पिवळंजर्द, चार पावलं टाकली की धाप. रक्त चढवावं लागलं. आप्पा तिला बघायला गेले ते तिच्या उशाखालचं गोळ्यांचं पाकीट खिशात घालूनच आले, आणि दवाखान्यातनं सोडल्यावर तिला थेट शहापूरला घेऊन आले. "कुठंतरी पाणी मुरतंय," एवढंच बोलले. बोळाला तेवढं पुरलं. आठवड्यात सगळं शहापूर म्हणत होतं, निपाणीवाल्यांनी पोरीला काहीतरी चारलं.

तिकडून दाजींच्या आईचा निरोप आला: पोरगी आधीपासूनच रोगट होती, खोट लपवून आमच्या गळ्यात बांधली. झालं! तिथून पुढं बोलणंच खुंटलं. पहिल्या वर्षात दाजी तीनदा आले. आप्पांनी त्यांना बोळाच्या तोंडावरूनच परतवून लावलं. मीही काही कमी नव्हते. दाजींनी मला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलं होतं, 'शैला, तू यातलं शिकतेस. बघ काही कळतंय का.' मला वाटलं, बघा, पुरावा तयार करतोय! मी फोटो उडवला आणि नंबर बंद केला. एम.एस्सी.ला होते तेव्हा. फार शहाणी होते.

आप्पांनी ते पाकीट बेळगावातल्या एका औषधवाल्याला दाखवलं होतं. तो म्हणाला, साध्या सल्फाच्या गोळ्या आहेत, लघवीच्या त्रासावरच्या. आप्पा घरी येऊन म्हणाले, "त्यो बी आतनं मिळालाय." पाकीट कपाटात ठेवलं, आमच्या घरच्या नमुन्याशेजारी.

हा नमुना काय ते विणकरांच्या घरातल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमचे चार माग. साड्यांसाठी रंगवलेलं सूत रंगाऱ्याकडून येतं. प्रत्येक रंगाचा एक वीतभर तुकडा घरात जपून ठेवलेला असतो. सूत आलं की त्या तुकड्याशी लावून बघायचं. जुळलं तर घ्यायचं, नाही जुळलं तर रंगाऱ्याच्या तोंडावर फेकायचं. आप्पा सूत दातांनी तोडून बघायचे, जाळून वास घ्यायचे, ओल्या धोतरावर घासायचे. पण तो तुकडा कधी कुणी तपासत नाही. तो घरचा. त्याच्याशी जगानं जुळायचं असतं.

मी सातवी-आठवीत असताना एकदा कुंकवी रंगाचं सूत आलं. आप्पा म्हणाले, गडद आहे. रंगारी म्हणाला, आप्पा, वीस वर्षं हाच रंग देतोय. आप्पांनी त्याला चोर म्हटलं, नको नको ते बोलले, कायमचं तोडलं. नंतर आईनं तो नमुन्याचा तुकडा इस्त्रीसाठी उलगडला, तर घडीच्या आतला रंग अगदी त्या सुतासारखा गडद! वरची बाजू कपाटाच्या फटीतल्या उन्हानं विटून गेली होती. आईनं तो आप्पांच्या पुढ्यात ठेवला. आप्पांनी बघितलं, उलटी घडी घातली आणि कपाटात ठेवून दिलं. रंगाऱ्याला मात्र कधीच कळवलं नाही. पुढं बोळात तो समोरून आला की आप्पा दुसऱ्या बाजूला बघायचे.

हे सगळं मला माहीत होतं. तरीसुद्धा पुढचं घडलंच.

इंग्लंडमध्ये लीड्सला आले, एका लॅबमध्ये संशोधनाला. हेही कधीकाळी कापडाचंच गाव, पण आता माग म्युझियममध्ये आणि गिरण्यांत महागडे फ्लॅट. तुमच्यातले जे बाहेर पडलेत त्यांना पहिली दोन वर्षं कशी जातात ते ठाऊक आहे. मी सगळ्यांवर संशय घ्यायचे. घरमालकीण हसली की वाटायचं, भाडं वाढवणार. दुकानातल्या कोथिंबिरीला वास नाही म्हणजे ती खरी नव्हेच. कुणी 'लव्हली' म्हटलं की मी स्वेटर उलटा घातलाय का बघायचे. थंडीत हात निळे पडायचे, धाप लागायची, ओठ पांढरे. सर्जरीत गेले (इथं डॉक्टरांच्या साध्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, पहिल्यांदा ऐकून माझी पाचावर धारण बसली होती), तर त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यांनी काही फरक पडला नाही. मी म्हटलं, हलक्या प्रतीच्या असणार.

आणि काम काय, तर हिमोग्लोबिन! रक्तातलं प्राणवायू वाहणारं प्रथिन. ते किती पक्कं, किती कच्चं, कशानं उलगडतं, हे तपासायचं. आईला समजावून सांगितलं होतं ते इथं सांगते. चार साखळ्या एकमेकींना बिलगून बसलेल्या. प्रत्येकीत एक खोबण. खोबणीत लोखंडाचा एकच अणू, आणि त्याच्यावर प्राणवायू टेकतो. ती खोबण कोरडी राहायला हवी. आत पाणी शिरलं की लोखंड बिघडतं, साखळी सैल पडते, सगळं गोळा होऊन बसतं आणि तांबडी पेशी फुटते. गंमत अशी की नुसतं घट्ट असूनही चालत नाही. प्राणवायू धरून ठेवला आणि सोडलाच नाही, तर त्या धरण्याचा काय उपयोग? धरायचंही आणि वेळेवर सोडायचंही. आई म्हणाली, "हे तुझ्या बाला सांग."

आप्पांची गोळी मी पहिल्याच महिन्यात तपासून घेतली. पाकिटावर लिहिलं होतं तेच आणि तेवढंच निघालं. फोनवर सांगितलं, तर आप्पा म्हणाले, "मग त्यांनी खायला दिलेल्यात कालवलं आसंल. ऱ्हायलेल्यात कशाला कालवतील?" आणि खरं सांगू? मला ते पटलं! सल्फा काही रक्तांना सोसत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. अशा रक्तासाठीची एक नेहमीची तपासणी आक्काची बेळगावात झाली होती, ती नॉर्मल आली होती, तेवढ्यावर मी तो विषय बंद केला. त्याच जातीच्या दुसऱ्या आजारांवर तर मी रोज काम करत होते. पण ते आजार परक्या लोकांच्या रक्तात असायचे, बर्फातून आलेल्या डब्यांत, नंबर लावलेले. आमच्या घरात कसे असतील? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्याकडं एक जुनी, साधी परीक्षा आहे. तांबड्या पेशी फोडून त्यांचं लाल पाणी घ्यायचं, त्यात एक विशिष्ट अल्कोहोल मिसळायचं आणि अंगाच्या उबेइतक्या गरम पाण्यात नळी ठेवायची. पक्कं हिमोग्लोबिन अर्धा तास तरी निवळशंख राहतं. कच्चं असेल तर पाच मिनिटांत गढुळतं. प्रत्येक वेळी शेजारी एका निरोगी माणसाच्या रक्ताची नळी ठेवायची, तिच्याशी बाकीच्या ताडून बघायच्या. ते रक्त नेहमी बिन्सी द्यायची. बिन्सी केरळची, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते. त्या आठवड्यात ती फ्लूनं आजारी. म्हटलं, माझं घ्या.

पाच मिनिटांनी बघते तर तपासायच्या नळ्या स्वच्छ, आणि माझी नळी ताकासारखी गढूळ!

मी काय केलं असेल? आधी अल्कोहोलच्या बाटलीवर संशय घेतला. नवी बाटली फोडली. पुन्हा गढूळ. मग पाण्याच्या टाकीचा थर्मामीटर बदलला. मग म्हटलं, रक्त शिळं झालं असेल, शिळं रक्त खोटं बोलतं. ताजं काढलं. पुन्हा तेच. मग वाटलं, बिन्सीनं जायच्या आधी नळ्यांच्या चिठ्ठ्या उलटसुलट चिकटवल्या असणार. तिला आजारपणात फोन करून झापलं. ती खोकत खोकत म्हणाली, "शैला, तू सगळं बदललंस. रक्त कुणाचं आहे?"

मी माझी गढूळ नळी पुन्हा उजेडात धरली. कपाटातला तो कुंकवी तुकडा आठवला, उलटी घडी घातलेला.

मग एकेक आठवायला लागलं. माझे स्वतःचे किंचित पिवळट डोळे, ज्यांना आई 'आमच्या घराण्याचं पाणी' म्हणायची. तिशीतच आप्पांच्या पित्ताशयातून खडे काढलेले. कच्च्या पेशी सारख्या फुटत राहिल्या की असे खडे होतात, हे मी दुसऱ्यांच्या रिपोर्टांत कितीदा लिहिलं होतं! आक्काचं ते काळं पाणी. आणि दाजींनी पाठवलेली चिठ्ठी, जी मी न वाचता उडवली.

बिन्सी बरी होऊन आली, तिनं वेगळं तपासलं. आमच्या लॅबच्या प्रमुख बाईंनी तिसऱ्यांदा तपासलं. मग जनुक वाचून घेतला. साखळीतला एकच मणी बदललेला, नेमका खोबणीच्या तोंडाशी, आणि तिथून पाणी आत मुरतंय. माझ्यात सौम्य. तोच दोष एकाच घरात कुणाला कमी तर कुणाला जास्त त्रास देऊ शकतो. सल्फाच्या गोळ्या असल्या रक्तावर पडल्या की काय होतं ते आक्काच्या अंगावर दिसलंच होतं. गोळ्या बरोबर होत्या, डॉक्टरांचं निदान बरोबर होतं, दाजी बरोबर होते. इतकंच नव्हे, दाजींच्या आईचंसुद्धा निम्मं बरोबर होतं. खोट आमच्यातच होती. फक्त ती आम्ही लपवलेली नव्हती, आम्ही ती कधी बघितलीच नव्हती.

आप्पांना फोन करायला मला आठ दिवस लागले. रविवारी दुपारी केला. फोनमध्ये मागांचा खडखडाट चालू होता.

"तुझं मशीन बरोबर हाय कशावरनं?" आप्पांचा पहिला प्रश्न.

"तीन जणींनी बघितलं, आप्पा. वेगवेगळं."

"त्या तिघी एकाच खोलीत बसत्यात न्हवं? मग!"

थोड्या वेळानं खडखडाट थांबला. एक माग, मग दुसरा, मग सगळे. आमच्या घरात भर दुपारी अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"म्हंजे घरचा नमुनाच इटलेला हुता म्हण की," आप्पा म्हणाले.

मी इकडं ढसाढसा रडायला लागले.

तरी माणूस आप्पाच! म्हणाले, माझं रक्त बघ, आक्काचं बघ, मग बोलू. बेळगावातून दोघांचं रक्त एका मोठ्या लॅबला गेलं. आई सांगते, नळीवर नाव लिहिणाऱ्या पोरीच्या डोक्यावर आप्पा उभे राहिले, तिला दोनदा खोडायला लावलं. रिपोर्ट आले. दोघांतही तोच मणी बदललेला.

रिपोर्ट आले त्या दिवशी मी आक्काला फोन केला. नऊ वर्षं ती माहेरी मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली. मला वाटलं होतं, ती रडेल, सुटले म्हणेल. मी म्हटलं, "आक्का, तू खरं बोलत होतीस. दाजींनी काही केलं नव्हतं."

ती म्हणाली, "हे मला कशाला सांगतीयास? मला ठाऊकच हुतं की. मी नऊ वर्सं सांगत हुते, कुणी ऐकलं न्हाय. नळीतल्या गढूळ पाण्याचं पाच मिनिटांत ऐकलासा."

आप्पा कुणाला न सांगता निपाणीला गेले. हे आईनं नंतर त्यांच्याकडून खोदून खोदून काढलं. गोळ्यांचं ते पाकीट नेलं होतं, नऊ वर्षं पुरावा म्हणून जपलेलं. दुकानात दाजी खिळे मोजत होते. आप्पांनी पाकीट तराजूशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, गोळ्या बरोबर हुत्या. आमचं रक्त बरोबर न्हवतं." दाजींनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, "मामा, मला एवढंच वाटायचं, ह्या गोळ्या मी माझ्या हातानं दिल्या. तिला मी मारलं असतं." दाजींनी दुसरं लग्न केलं नव्हतं, आणि त्यांची आई तीन वर्षांपूर्वी वारली होती. ती आमच्याविषयी मनात तेच धरून गेली. तिच्याकडं आता कुणी जाऊ शकत नाही.

परत येताना आप्पा बेळगावातल्या खासबागेत उतरले आणि त्या रंगाऱ्याचं घर विचारत गेले. रंगारीही राहिला नव्हता. त्याच्या सुनेनं पाणी दिलं, ते पिऊन आले.

मे महिन्यात मी गावी गेले. विमानातून उतरून पहिल्यांदाच बॅगा मोजल्या नाहीत असं लिहायला आवडलं असतं, पण मोजल्या. दोनदा. सवय जात नाही. घर म्हणजे काय, असं इथं लोक विचारतात, आणि मी वर्षानुवर्षं सांगत आले की जिथल्या माणसांवर डोळे झाकून विश्वास टाकता येतो ते. खोटं होतं ते. घरावर मी डोळे झाकले होते हे खरं, पण घरातल्याच माणसाच्या शब्दावर विश्वास टाकला नव्हता. रक्त तर मी सगळीकडं बरोबर नेलं, सैल खोबणीसकट. त्यासाठी घर लागत नाही. आता मला वाटतं, घर म्हणजे आपलं माणूस 'असं झालं' म्हणालं की 'बरं' म्हणणारी जागा. तसं घर मी आक्काला दिलं नाही. दाजींनी दिलं असतं, पण आम्ही त्यांना बोळात येऊ दिलं नाही.

आक्का निपाणीला परत गेली तो दिवस मी डोळ्यांनी बघितला. "कुणाच्या रिपोर्टामुळं न्हाय," तिनं आम्हाला बजावलं. "मला जायचं हुतं म्हणून." कुठली औषधं घ्यायची नाहीत त्याची यादी मी तिला करून दिली, तिनं ती पर्समध्ये ठेवली. चष्मा घरीच ठेवला. दाजी रिक्षा घेऊन बोळाच्या तोंडाशीच थांबले होते. आता कुणी अडवलं नव्हतं, तरी तिथंच.

आक्काची बॅग उंबऱ्याशी होती. आप्पा नेहमीसारखे उकिडवे बसले आणि त्यांचा हात चेनीकडं गेला.

"ओढू नका आप्पा," आक्का म्हणाली. "मी लावलीया ती."

आप्पांनी मान वर करून तिच्या पिवळ्या डोळ्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं."